मी हे वाचलंय का?

बहरीनमध्ये मराठी पुस्तक बहुतेक वेळा विमानाच्या बॅगेतून येतं. सुट्टीहून परतताना तीस किलोंच्या हिशेबात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कुणाच्या तरी औषधांची पिशवी बसली, की उरलेल्या फटीत एखादी कादंबरी आणि दोन-चार दिवाळी अंक कोंबले जातात. वाचून झाले की ते मराठी मंडळाच्या कपाटात. कुणी नोकरी संपवून कायमचं परत निघालं, की घर आवरताना त्याची पुस्तकंही तिथेच येऊन पडतात. असं करत एका कपाटाची तीन होतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केली आणि तिच्या पुस्तकपेट्या पुढे दुबई-बहरीनपर्यंत पोचल्या. बॅगेच्या कृपेवर जगणाऱ्या आखाती वाचकाला तेव्हा कुठे जरा बरे दिवस आले.

कपाटं भरली की कार्यकारिणीत कधीतरी तो विषय निघतोच: हे सगळं आता कॉम्प्युटरवर घ्यायचं का? पुढचा संवाद त्याच विषयाचा आहे. यातले काका आणि ताई मी रचलेले आहेत. कुठल्या एका मंडळात त्यांना शोधू नये. काका सत्तरीकडे झुकलेले, स्वतःचा छोटा धंदा असल्यामुळे अजून बहरीनमध्ये टिकलेले, गुदेबियात राहणारे. शुक्रवारी संध्याकाळी पुस्तकांची देवघेव तेच बघतात आणि वही त्यांच्याच अक्षरात आहे. ताई चार वर्षांपूर्वी आली, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते, जुफेरला राहते. वयाने लहान असूनही सगळे तिला ताई म्हणतात, काकासुद्धा. फक्त ते जरा चिडवल्यासारखं म्हणतात.

ताई: काका, वही संपत आलीय. नवी आणायच्या आधी एकदा बोलूया?

काका: वही संपली की नवी वही येते. त्यात बोलायचं काय?

ताई: मागच्या शुक्रवारी तुम्ही नव्हतात. एका आजींनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, “मी हे वाचलंय का गं?” मी वहीची पानं उलटत बसले. मागे पाच जण उभे. शेवटी त्याच म्हणाल्या, “राहू दे, नेते. वाचलेलं असलं तर परत वाचेन.”

काका: त्यांना एकविसावं पान बघायला सांगायचं.

ताई: म्हणजे?

काका: त्यांची खूण एकविसाव्या पानावर असते, तळाशी, पेन्सिलीचं टिंब. दुसरे एक आहेत ते शेवटच्या पानावर आद्याक्षर टाकतात. दादर-ठाण्याच्या ग्रंथालयांत उमेदीची वर्षं काढलेली माणसं आहेत ही. तिथे ग्रंथपाल ओरडायचे, इथे मी ओरडतो. खुणा होतच राहतात. एकेका पुस्तकात सात-आठ जणांच्या खुणा सापडतील तुला. तीच आपली नोंद.

ताई: आणि तो प्रश्न तुम्हाला दर आठवड्याला किती जण विचारतात?

काका: साठीपुढचा प्रत्येक जण. त्याला तंत्रज्ञान कशाला? मला आठवतं.

ताई: तेच म्हणतेय मी. तुम्हाला आठवतं.

काकांना हे बोलणं लागलं असावं, कारण त्यांनी लगेच पवित्रा बदलला.

काका: तुम्हा लोकांना वाटतं, म्हाताऱ्यांना मशीनची भीती वाटते. मला नाही वाटत. भाजीवाल्याला मी बेनिफिटपेने पैसे देतो. करोनात ‘बी अवेअर’वरची, लस घेतल्याची हिरवी ढाल दाखवल्याशिवाय मॉलमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा ते ॲप आपल्या निम्म्या सभासदांच्या फोनवर मीच बसवून दिलं. पण ती सक्ती होती. रांगेत उभं राहायचं, ढाल दाखवायची, आत जायचं. पुस्तक घ्यायला माणूस सक्तीने येत नाही. दारात पहिली अट घातलीस की तो घरी बसून मालिका बघेल.

ताई: अट कुठे घालतेय? एकदाच नोंदणी. मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो.

काका: कुठला मोबाइल नंबर?

ताई: बहरीनचा.

काका: आणि सीपीआर नंबर?

ताई: तोही घेऊ. इथल्या ओळखपत्राचा नंबर, ओळख म्हणून तोच सोयीचा.

काका: झालं. आता ऐक. आपल्याकडे वयस्कर वाचक दोन प्रकारचे. एक माझ्यासारखे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण इथला व्हिसा बहुधा नोकरीला किंवा धंद्याला बांधलेला. नोकरी संपली की माणूस गाशा गुंडाळतो. दुसरे म्हणजे मुलांकडे भेटीच्या व्हिसावर आलेले आईवडील. थंडीत येतात, नातवंडं सांभाळतात, उन्हाळ्याच्या आत परत जातात. सगळ्यांत जास्त पुस्तकं तेच वाचतात. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. त्यांच्याकडे ना सीपीआर, ना इथला नंबर. फोन आहे तो भारतातल्या सिमचा, तोही घरच्या वायफायवर चालणारा. तुझा ओटीपी येणार कुठे? मी काय लिहितो माहीत आहे? ‘जुफेर, निळी इमारत, चौथा मजला, मुलाकडे आलेल्या आई.’ एवढ्यावर आजवर एकही पुस्तक बुडालेलं नाही.

इथे ताई थांबली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं आणि येणारही कसं? बँकेतल्या तिच्या प्रत्येक ग्राहकाकडे सीपीआर असतो.

ताई: बरं. मग वाचकाने कशालाच हात लावायचा नाही. ॲप नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. त्याने नाव सांगायचं, पुस्तक घ्यायचं, जायचं, आज चालतं तस्संच. कॉम्प्युटर असेल तो आपल्या बाजूला.

काका: मग वहीने काय घोडं मारलंय?

मला विचाराल तर या वादातली खरी गोम इथेच आहे. ग्रंथालयात तंत्रज्ञान दोन जागी येतं, खिडकीच्या अलीकडे, वाचकाच्या बाजूला, किंवा पलीकडे, कर्मचाऱ्यांच्या बाजूला, आणि सगळी भांडणं अलीकडच्याची असतात. पलीकडच्याचं एक उदाहरण सांगतो. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या छोट्या ग्रंथालयांपुढे १९९९ साली अडचण उभी राहिली: त्यांची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती आणि नवी विकत घेणं परवडणारं नव्हतं. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरायला काढली आणि ती सगळ्यांना फुकट खुली केली. तिचं नाव कोहा. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांची ग्रंथालयं तिच्यावर चालतात. या कथेत मला आवडतं ते एवढंच, की सुरुवात कुणाच्या हौसेतून झाली नाही. कर्मचाऱ्यांचं काम अडणार होतं.

ताई: वहीला नावं ठेवत नाहीये मी. पण आपली पुस्तकं कुठे आहेत? एक कपाट या हॉलच्या कोपऱ्यात, एक रिफाला एका घरी, एक मुहर्रकला. रिफाच्या कपाटात काय आहे, तुम्हाला सांगता येईल?

काका: साधारण.

ताई: ‘साधारण’ म्हणजे ती पुस्तकं असून नसल्यासारखीच. इंडियन क्लब १९१५चा. केरळीय समाजम १९४७चा. त्यांची स्वतःची वास्तू आहे, ग्रंथालय आहे, पुस्तक महोत्सव भरतो. त्यांना सगळं एका छपराखाली ठेवता येतं. आपल्याला जागा नाही आणि या भाड्यात ती मिळण्यातलीही नाही. एक यादी झाली, तर तीन घरांतली तीन कपाटं मिळून एक ग्रंथालय होईल. रिफातल्या आजींना पुस्तकासाठी मुलाचा शुक्रवार मोडायला नको. त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरून मिळेल.

काका: आणि जुलै-ऑगस्टमध्ये? रिफाचं कुटुंब महिनाभर एसी बंद करून गावी जातं. आल्यावर कपाट उघडलं तर पुस्तकांना हा एवढा बुरा. इथली दमट हवा तुला माहीत नाही अजून. दोन वर्षांपूर्वी मी कादंबऱ्या उन्हात घालून बसलो होतो गच्चीवर. पण तो मुद्दा सोड. मला सांग, पुस्तक खालच्या मजल्यावर मिळालं तर शुक्रवारी इथे येणार कोण?

ताई: ज्यांना यायचंय ते.

काका: कुणी येणार नाही. अगं, माणसं पुस्तकाच्या निमित्ताने येतात. दहा मिनिटं कपाटापुढे, तासभर त्या खुर्च्यांवर. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातीचं बारसं, सल्मानिया हॉस्पिटलात डॉक्टर कोण चांगला. त्या आजींना हॉलपर्यंत आणणं मुलाला जड जातं, कबूल. पण आठवड्यात तेवढंच एकदा त्या घराबाहेर पडून मराठी बोलतात. तू त्यांचा वेळ वाचवायला निघालीस. वाचलेल्या वेळाचं त्यांनी करायचं काय?

ताईकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. कपाटं जोडली की माणसं सुटी होण्याची धास्ती खरी आहे. एवढंच म्हणता येईल की मुलाची गाडी मिळाली नाही म्हणून जी बाई महिनाभर पुस्तकाविना राहते, ती काकांच्या त्या तासाभरात धरलेलीच नाही. खुर्च्यांवर जे दिसतात तेवढेच मोजले जातात.

काका: शिवाय हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. बरीच वर्षं झाली. एका उत्साही मुलाने सगळी यादी टाइप केली. पुढे तो कॅनडाला गेला. मागून फाइल उघडली तर नुसती अगम्य अक्षरं, मध्येच डॉलरचं चिन्ह, मध्येच स्वल्पविराम. ईमेलचा पासवर्डही त्याच्याचबरोबर कॅनडाला. त्याच काळातली माझी वही अजून आहे. पान फाटलंय, वाचता येतं.

ताई: तो जुन्या फाँटचा घोटाळा. तेव्हा मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी चिकटवलेली असायची. फाँट गेला की उरतं ते खालचं इंग्रजी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फाँट कुठलाही असो. आता तसं नाही होणार.

काका: आता वेगळं काहीतरी होईल.

ताई: होईल, मीच सांगते. ‘वाऱ्यावरची वरात’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. ‘ॲ’सुद्धा दोन तऱ्हांनी. डोळ्यांना सारखा दिसतो, कॉम्प्युटरला निराळा. एकाने असा टाइप केला आणि दुसऱ्याने तसा शोधला, तर पुस्तक कपाटात असून यादी म्हणते, नाही.

काका: बघ!

ताई: म्हणून टाइप करणारी व्यक्ती एकच हवी आणि पद्धत लिहून ठेवलेली हवी. दुसरं, बारकोड वगैरे आपल्या कामाचे नाहीत. मॉलमध्ये बंदूक रोखली की नाव येतं तसं इथे येणार नाही. तुमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं आयएसबीएन नंबर यायच्या आधीची. दिवाळी अंकांना तर तो नंबर नसतोच. ते हातानेच लिहायचे: नाव, साल, संपादक.

काका: दिवाळी अंक यादीत घेणार? माझ्या वहीत नुसतं ‘दि. अं.’ असतं.

ताई: हो, आणि तेच कारण आहे घेण्याचं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा केवढा तरी ऐवज या अंकांत पडलाय. आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांचे आहेत आणि त्यांत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

काकांनी वही पुढे ओढली. तिच्यात उजवीकडे ‘शेरा’ असा एक रकाना आहे. छापील वहीत तो विलंबशुल्कासाठी असावा; काका तो भलत्याच कामाला वापरतात.

काका: हे कुठे भरणार तुझ्या तक्त्यात? वाच. ‘मोतीबिंदू झालाय, मोठ्या टायपातलं द्यावं.’ ‘यजमान गेले, सध्या दुःखाचं नको.’ ‘ऐतिहासिक मागतात, प्रत्यक्षात रहस्यकथा वाचतात, विचारू नये.’

ताई: (हसून) हे तक्त्यात येणारच नाही. येता कामाही नये. व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा इथे २०१८ साली झाला, १ ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे. कोण काय वाचतं, कुणाचे यजमान गेले, हे पाच जणांच्या फोनवर उघडणाऱ्या फाइलमध्ये ठेवायचं नाही. कोहात सोय आहे: माझी वाचलेल्या पुस्तकांची यादी राखावी की पुसावी, हे वाचकाने ठरवायचं. आपणही विचारूया. त्या आजी म्हणतील ठेव, रहस्यकथावाले म्हणतील पुस.

काका: म्हणजे कोहा बसवायचं ठरलं तुझं?

ताई: नाही हो. तीन कपाटांना ते म्हणजे मुंगीला हत्तीची अंबारी. सर्व्हर सांभाळा, अद्ययावत करा, आणि मी गेले की बंद. साधा तक्ता. आठ रकाने. कुणालाही उघडता येईल असा.

काका: ‘मी गेले की’ म्हणालीस.

ताई: जाणारच ना कधीतरी. बँकेचा करार दोन-दोन वर्षांनी वाढतो.

काका: मग माझा तोच मुद्दा आहे! वहीला पासवर्ड नाही.

ताई: तुमच्या वहीला आहे, काका. ‘वि.’ म्हणजे काय? एका पानावर ‘विलंब’ वाटतं, दुसऱ्यावर ‘विकत’, तिसऱ्यावर बहुतेक कुणाच्या तरी आडनावाचं पहिलं अक्षर. एकविसाव्या पानाचं टिंब कुणाचं, हे कुठे लिहिलंय? तुम्ही मुलीकडे पुण्याला गेलात की तो पासवर्डही गेला.

गप्पांना इथे जरा खंड पडला, चहा आला. चहाबरोबर ई-बुकांचा विषय निघाला आणि लवकरच संपला. ताईने सांगितलं, किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं, तिथे मराठी ऐकता येतं. काका म्हणाले, ऐकताना झोप लागते आणि मग कथा कुठवर आली होती ते सापडत नाही. पण ज्यांना दिसतच नाही त्यांना ऐकवा, माझी हरकत नाही. अडचण निघाली ती निराळीच. छापील पुस्तक मंडळाने एकदा घेतलं की ते पन्नास जणांना देता येतं. ई-बुक विकत घेतलं तरी मिळतो तो एका खात्यापुरता वाचायचा परवाना, मंडळाने ते फिरवायचं नाही. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरतात. लेखकाच्या परवानगीने फुकट पुस्तकं देणारं ई साहित्य प्रतिष्ठान आहे, तिथली खुशाल पाठवावीत. बाकीच्या बहुतेक चोरीच्याच, आणि त्या पाठवणारे अनेकदा साहित्याचे मोठे कैवारी असतात. यावर दोघांचं तत्काळ एकमत झालं, पुढे तेवढ्या चटकन कशावरही झालं नाही.

काका: समजा, केली यादी. मला स्क्रीनवर बघायला लावू नकोस.

ताई: छापून देईन. मोठ्या टायपात, तीन प्रती, तीन कपाटांना एकेक. दर तीन महिन्यांनी नवी. मी गेले, लॅपटॉप गेला, तरी कागद राहील.

काका: आणि वही?

ताई: शुक्रवारची देवघेव वहीतच. शनिवारी मी त्यावरून तक्त्यात चढवेन. फक्त ‘वि.’ लिहायचं नाही.

काका: रिफाचं कपाट?

ताई: पुस्तकं रिफाच्या लोकांना तिथेच मिळतील. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आणून ठेवू.

काका: आणि ते लोक इथे यायचे बंद झाले तर?

ताई: तर तुम्ही महिन्यातून एकदा खुर्च्या घेऊन रिफाला जा.

हे काकांना मान्य झालं की नाही कळलं नाही. ते उठले, कपाट उघडलं आणि वरच्या फळीपासून सांगायला लागले. ताईने लॅपटॉप मांडीवर घेतला.

काका: लिही. ‘नटसम्राट’, वि. वा. शिरवाडकर. ‘विशाखा’, कुसुमाग्रज.

ताई: थांबा. माणूस एकच आहे. दोन्ही एका नावाखाली घेऊ, शिरवाडकर.

काका: म्हणजे ‘विशाखा’ मागायला आलेला माणूस ‘श’मध्ये शोधणार? वपुंना काळ्यांत टाकशील, गोनीदांना दांडेकरांत. आपल्या वाचकांपैकी कुणीही ‘काळ्यांचं काही आहे का’ असं विचारत नाही.

ताई: तक्त्यात दोन रकाने करता येतात. खरं नाव एका रकान्यात, तोंडात असलेलं दुसऱ्यात. कुठूनही शोधा, सापडेल.

काका: आणि छापील यादीत?

ताई: ...छापील यादीत एकाच जागी.

काका: कुठे?

ताईने ‘क’ टाइप केला, पुसला, पुन्हा केला. काकांनी तोवर पुढचं पुस्तक काढलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव वाळवीने खाल्लेलं होतं, आणि ते कुणाचं यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं.